स्नॅगची एक ओळ

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईसाठी उडाले आणि १०१ सेकंदांत वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात कोसळले. विमानातली सर्व २१३ माणसे गेली. सुरुवातीला घातपाताचा संशय घेतला गेला, पण चौकशी अखेर एका उपकरणापाशी येऊन थांबली. उड्डाणानंतर विमानाने उजवीकडे हलके वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. कॅप्टनसमोरचे कल दाखवणारे उपकरण मात्र उजवा कलच दाखवत राहिले. तो खोटा कल काढण्यासाठी कॅप्टनने विमान डावीकडे कलवले आणि कलवतच नेले. बाहेर काळोख होता, खाली समुद्र होता, क्षितिज कुठेच दिसत नव्हते. सहवैमानिकासमोर तसेच दुसरे उपकरण होते, शिवाय राखीव म्हणून तिसरेही होते. फ्लाइट इंजिनीअरने चूक लक्षात आणून देण्याचा प्रयत्न केला, पण तोवर वेळ संपली होती. उपकरण बिघडले होते, आणि बाकीची उपकरणे पाहून विमान सावरले गेले नाही, या दोन्ही गोष्टी चौकशीत नोंदल्या गेल्या.

त्या जंबोजेटमध्ये कल दाखवणारी तीन उपकरणे होती आणि ती पाहणारी तीन माणसे होती. चार आसनी हलक्या विमानात बहुतेकदा वैमानिक एकटाच असतो. आज गोंदिया, बारामती, धुळे, नागपूर येथे उड्डाण शिकणाऱ्या मुलामुलींसमोर हे उपकरण अनेकदा जायरोच्या तबकडीऐवजी रंगीत पडद्याच्या रूपात असते. वर निळे आकाश, खाली तपकिरी जमीन आणि मध्ये पांढरी क्षितिजरेषा. पडदा सुबक आहे आणि जुन्या तबकडीपेक्षा खूपच भरवशाचा आहे. पण तोही बिघडतो, आणि तो बिघडल्यावर दोष नेमका कुठे आहे हे शोधणे जुन्या तबकडीपेक्षा अवघड असते. हा लेख त्या शोधाविषयी आहे.

कानावर विश्वास ठेवता येत नाही

या एका उपकरणाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर आपल्या कानात आहे. अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव डोके वळले की मागे राहतो आणि त्यावरून मेंदूला वळण कळते. वळण एकसारखे चालू राहिले की वीसेक सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि वळल्याची जाणीव नाहीशी होते. मग वैमानिक विमान सरळ करतो, तेव्हा त्याला उलट्या बाजूला वळल्यासारखे वाटते. अगदी सावकाश सुरू झालेला कल तर कानाला कळतही नाही. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तोवर ही फसवणूक चालत नाही. ढगात, धुक्यात किंवा समुद्रावरच्या अंधाऱ्या रात्री मात्र शरीर जे सांगते ते चूक असते, आणि अगदी ठामपणे सांगितलेले असते.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात याची पद्धतशीर परीक्षा झाली. केवळ उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना बीचक्राफ्ट बोनान्झा विमानात, शेजारी प्रशिक्षक ठेवून, बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिले. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. एकोणीस जण खाली खाली जाणाऱ्या गिरक्यांत सापडले आणि एकाने नाक इतके वर नेले की विमानाची उचल संपली. ताबा सुटेपर्यंतचा सरासरी वेळ होता १७८ सेकंद. जगभरचे उड्डाण प्रशिक्षक हा आकडा आजही सांगतात.

त्याच्या पंचवीस वर्षे आधी, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी कॉकपिटवर आच्छादन घेऊन विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. बाहेरचे त्यांना काहीही दिसत नव्हते. पुढच्या आसनावर सुरक्षेसाठी बेन केल्सी बसले होते, पण विमान सांभाळले ते डूलिटल यांनीच. त्यांच्यासमोर स्पेरी कंपनीचे कृत्रिम क्षितिज होते. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सोडत नाही. त्याच तत्त्वावर आतला जायरो स्थिर राहतो आणि विमान त्याच्याभोवती कलते. ढगातून सुरक्षित प्रवास शक्य झाला तो या उपकरणामुळे.

तबकडीकडून पडद्याकडे

हलक्या विमानांत हा जायरो बहुधा हवेच्या शोषणाने फिरतो. इंजिनाला जोडलेला व्हॅक्यूम पंप हवा ओढतो आणि त्या झोताने जायरो गरगरतो. अनेक पंपांत कार्बनच्या पट्ट्या असतात. त्या झिजतात आणि एखाद्या दिवशी अचानक मोडतात. पंप बंद पडला तरी जायरो लगेच थांबत नाही. त्याचा वेग हळूहळू उतरतो आणि क्षितिजरेषा इतक्या सावकाश कलते की ती कलल्याचे ध्यानातही येत नाही. वैमानिक तिच्यामागे विमान कलवत जातो. या उपकरणाचा सर्वांत मोठा दोष हाच होता.

असे क्षितिज गेल्यावर काय घडते, हे १६ ऑक्टोबर २००० रोजी अमेरिकेत दिसले. मिसुरीचे गव्हर्नर मेल कार्नाहन यांचे दोन इंजिनांचे सेस्ना ३३५ पावसाळी रात्री कोसळले आणि त्यातले तिघेही मरण पावले. विमान चालवणाऱ्याच्या समोरचे क्षितिज निकामी झाले होते आणि उजव्या आसनासमोरच्या उपकरणाकडे मान वळवून तो विमान सांभाळत होता. त्याचे दिशाभान हरपले, असा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. मुख्य क्षितिजाचा बिघाड आणि खराब हवामान यांची नोंद मंडळाने साहाय्यक कारणे म्हणून केली.

इलेक्ट्रॉनिक पडदे हलक्या विमानांत आले त्यामागे हीच काळजी होती. २००४ च्या सुमारास गार्मिन जी-१००० सारखी संपूर्ण पडद्यांची मांडणी डायमंड आणि सेस्ना यांच्या छोट्या विमानांत दिसू लागली. जुन्या विमानांतली शोषणावर चालणारी क्षितिजे काढून इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवणे सोपे व्हावे, म्हणून अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने सप्टेंबर २०१५ मध्ये धोरण सैल केले. त्यानंतर स्वतःची बॅटरी असलेली छोटी, चौकोनी क्षितिजे हजारो जुन्या पॅनेलांत बसली. पंप गेला म्हणून क्षितिज गेले, हा धोका त्यामुळे मागे पडला.

त्याच वाहतूक सुरक्षा मंडळाने मार्च २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ या काळात बनलेल्या आठ हजारांहून अधिक एक-इंजिनी विमानांची त्यात तुलना होती. पडदे असलेल्या विमानांचे एकूण अपघात कमी निघाले, पण प्राणघातक अपघातांचे प्रमाण मात्र जास्त निघाले. ही विमाने लांबच्या प्रवासाला आणि खराब हवामानात जास्त नेली जातात, हे त्यामागचे एक कारण होते. मंडळाने आणखी दोन गोष्टींवर भर दिला. पडद्याची यंत्रणा बिघडते कशी, हे वैमानिकांना पुरेसे शिकवले जात नाही. आणि बिघाडांची नोंद वर कळवलीच जात नाही.

पडद्यामागे काय असते

दोष शोधायचा तर पडद्यामागे काय चालते हे माहीत हवे. पडदा स्वतः काहीही मोजत नाही. मोजणारी पेटी वेगळी असते. तिला हँगरमध्ये ‘एहार्स’ म्हणतात. तिच्यात गरगरणारा जायरो नसतो. सिलिकॉनचे अतिसूक्ष्म भाग सतत कंप पावत असतात. विमान वळले की त्या कंपनाची दिशा किंचित ढळते आणि त्यावरून वळणाचा वेग कळतो. तो वेग क्षणोक्षणी मिळवत गेले की कल मिळतो. पण प्रत्येक मोजणीत बारीक चूक असते आणि ती साठत जाते. नुसत्या या संवेदकांवर सोडले तर काही मिनिटांतच क्षितिज वाकडे होईल.

म्हणून पेटी सतत बाहेरची साक्ष घेते. त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतात, पण वळणात तेही आपल्या कानासारखेच फसतात. ती फसवणूक ओळखण्यासाठी विमानाचा वेग लागतो. तो जीपीएसकडून किंवा हवेचा दाब मोजणाऱ्या पिटो नळीकडून येतो. दिशा सांगायला पंखात किंवा शेपटीकडे बसवलेला मॅग्नेटोमीटर असतो. या सगळ्या साक्षी तोलून एकच उत्तर काढण्याची गणिती रीत रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडली. आज तिच्याच जोरावर हे पडदे चालतात.

ही रचना कळली की पडद्यावरचे वाकडे क्षितिज म्हणजे पडद्याचाच दोष, हा समज गळून पडतो. दोष पडद्यात असेल, पेटीत असेल, पेटीला साक्ष देणाऱ्या कुठल्याही भागात असेल, किंवा या सर्वांना जोडणाऱ्या तारांत असेल. पेटीला आपल्या उत्तराची खात्री वाटेनाशी झाली तर पडद्यावर मोठी लाल फुली येते. त्यातल्या त्यात बरा बिघाड हाच. क्षितिज गेले हे वैमानिकाला तरी कळते. खरा धोका असतो तो फुली न येता चुकीचे उत्तर दिसण्याचा.

८ जानेवारी २०१६ रोजी ऑस्लोहून ट्रोम्सोला टपाल घेऊन निघालेले वेस्ट एअर स्वीडनचे सीआरजे-२०० असेच गेले. ते हलके विमान नव्हते, पण बिघाडाचे स्वरूप हेच होते. एका पेटीने नाक वर चालल्याचे खोटे दाखवले आणि डाव्या बाजूच्या वैमानिकाने त्यावर विसंबून नाक खाली ढकलले. दोन पडद्यांत फरक आहे अशी सूचना देण्याची सोय यंत्रणेत होती. पण विमान टोकाच्या स्थितीत आहे असे समजताच पडदा गर्दी कमी करण्यासाठी जादा खुणा पुसतो. त्या पुसण्यात ती सूचनाही गेली. दोघेही वैमानिक मरण पावले.

शोध घ्यायचा कसा

आपल्याकडे विमानातल्या बिघाडाच्या नोंदीला ‘स्नॅग’ म्हणतात. वैमानिक उतरल्यावर तो टेक लॉगमध्ये लिहितो आणि अभियंता तो वाचून कामाला लागतो. डीजीसीएच्या परवान्यांमध्ये एव्हिऑनिक्ससाठी बी-२ हा वर्ग आहे. हे काम त्या परवान्याच्या अभियंत्याचे. त्याला वहीत नुसते ‘ॲटिट्यूड चुकीचे’ एवढेच मिळाले, तर हातात काहीच नसते. समजा त्याऐवजी असे लिहिले आहे: ‘उड्डाणानंतर वीस मिनिटांनी, पावसातून जाताना, क्षितिज डावीकडे पाच अंश कलले. त्याच वेळी हवेतला वेग शून्याकडे गेला. पाऊस संपल्यावर दोन मिनिटांनी दोन्ही पूर्ववत.’ हे वाचून अनुभवी माणूस पेटीला हातही लावणार नाही. तो थेट पिटो नळीकडे जाईल. केव्हा, कुठल्या स्थितीत, आणखी काय काय बदलले आणि पूर्ववत कसे झाले, या चार गोष्टी ज्या स्नॅगमध्ये असतात तो स्नॅग अर्धा सुटलेलाच असतो.

कामाची सुरुवात विजेपासून होते. इंजिन सुरू करताना स्टार्टर एवढी वीज ओढतो की उरलेल्या यंत्रणेचा दाब क्षणभर खूप खाली येतो आणि पेटी पुन्हा सुरू होते. अशा वेळी विमान हलले, तर तिची स्थिरावण्याची क्रिया बिघडते. बॅटरी म्हातारी असेल, अर्थची पट्टी गंजली असेल किंवा सर्किट ब्रेकर सैल असेल, तर हाच प्रकार हवेतही घडतो. म्हणून विजेचा दाब नुसता बॅटरीवर मोजून भागत नाही. तो पेटीच्या जोडणीपाशी, सगळी उपकरणे चालू ठेवून मोजावा लागतो.

त्यानंतर जोडण्या. येणारा-जाणारा बिघाड असेल तर सर्वाधिक संशय इथेच घ्यावा. कनेक्टरमधली एखादी पिन मागे सरकलेली असते, एखादी नीट दाबून बसवलेली नसते, तर कुठे दमट हवेने हिरवट थर चढलेला असतो. कोकणपट्टीच्या पावसात हँगरबाहेर उभ्या असलेल्या विमानाला हा रोग लवकर जडतो. यंत्रणा चालू ठेवून तारांचा जुडगा हाताने हळूच हलवत पडद्याकडे पाहिले, की दडलेला दोष पुष्कळदा समोर येतो.

तिसरा संशय कंपनांचा. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेऱ्या घेत असेल, तर त्याच्या पात्यांमुळे सेकंदाला ८० हादरे बसतात. त्यातून पंख्याचा तोल गेलेला असेल, पेटीचा एखादा स्क्रू ढिला असेल किंवा पॅनेलचे रबरी आधार कडक झालेले असतील, तर हे हादरे थेट त्या सूक्ष्म कंप पावणाऱ्या संवेदकांपर्यंत पोचतात. क्षितिज एका ठरावीक आरपीएमला कलते आणि आरपीएम बदलला की सरळ होते. अशा वेळी नवी पेटी बसवून काही साधत नाही. पंख्याचा तोल साधावा लागतो.

मॅग्नेटोमीटरचा त्रास निराळा. त्याच्याजवळ साधा लोखंडी स्क्रू लावला तरी दिशा चुकते. पंखावरच्या दिव्याच्या तारेतून जाणारा प्रवाहही त्याला पुरतो. त्यासाठी विमान हँगरपासून आणि मोटारींपासून दूर नेतात, एकेक दिवा आणि एकेक मोटर चालू-बंद करतात, फ्लॅप आणि सुकाणू हलवतात, आणि प्रत्येक वेळी दिशेचा आकडा हलतो का ते टिपतात. वेळखाऊ काम आहे, पण दोष नेमका हाती लागतो.

पिटो नळीचा संबंध वैमानिकांच्या सहसा लक्षात येत नाही. वेग दाखवणाऱ्या नळीत अडथळा आला तर क्षितिज का बिघडावे? कारण काही छोट्या विमानांतल्या पेट्या वळणातली फसवणूक ओळखायला याच वेगावर अवलंबून असतात. नळीवर बर्फ जमले, पाणी शिरले किंवा कुंभारीण माशीने तिच्यात मातीचे घर बांधले, की चुकीची साक्ष आत जाते. त्या घराच्या मातीने आख्खी यंत्रणा निरुपयोगी होऊ शकते. म्हणून उभ्या विमानाच्या पिटोवर कव्हर चढवणे हीसुद्धा क्षितिजाचीच देखभाल आहे.

आणि शेवटी बसवणी. पेटी विमानाच्या अक्षाशी समांतर बसली नाही, किंवा बदलल्यावर विमान समपातळीत आणून तिला शून्य कोन शिकवला नाही, तर ती कायम दोन अंश खोटे बोलेल आणि स्वतः मात्र निर्दोष असेल. दुरुस्तीनंतर लगेच सुरू झालेला स्नॅग असेल तर आधी हेच पाहावे. उन्हात तापलेल्या विमानात पहिली दहा मिनिटे दिसणारा आणि हवा थंड झाल्यावर जाणारा बिघाड असेल, तर पॅनेलमागचा थंडाव्याचा पंखा फिरतो का हे पाहावे.

टेस्टमध्ये पास

या शोधात सर्वांत महागात पडणारी चूक कोणती, हे २२ डिसेंबर १९९९ रोजी लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर दिसले. कोरियन एअरचे मालवाहू ७४७ ताश्कंदहून आले तेव्हाच कॅप्टनच्या बाजूचे क्षितिज कल दाखवण्यात चुकत होते. आणणाऱ्या चमूने स्नॅग पद्धतशीर नोंदवला होता. जमिनीवरच्या दुरुस्तीत उपकरणामागच्या कनेक्टरमधली एक पिन मागे सरकलेली आढळली. ती बसवली, उपकरणाचे टेस्ट बटण दाबले, उपकरण पास झाले आणि विमान मिलानसाठी मोकळे केले गेले.

पण ते बटण फक्त उपकरण तपासत होते. त्याला कल सांगणारी जडत्व-दिशादर्शक पेटी त्या चाचणीच्या बाहेर होती, आणि दोष तिच्यातच होता. अंधारात उडाल्यावर कॅप्टनने विमान डावीकडे कलवले. त्याच्या उपकरणावर कल दिसलाच नाही, म्हणून तो कलवत राहिला. दोन उपकरणांत फरक आहे असा इशारा वाजला, फ्लाइट इंजिनीअरने कल असल्याचे बोलून दाखवले, सहवैमानिक काही बोलला नाही. मिनिटभराच्या आत विमान जमिनीवर आदळले आणि विमानातले चारही जण मरण पावले. ब्रिटनच्या अपघात तपास विभागाने कारणांमध्ये स्पष्ट लिहिले: स्नॅग योग्य नोंदवलेला असूनही दुरुस्ती चुकीच्या दिशेने झाली.

मागे सरकलेली पिन खरी होती. ती बसवणेही योग्यच होते. पण तिच्यामुळेच बिघाड होत होता, हे कुणी सिद्ध केले नव्हते. विमानात दोष सापडणे आणि विमानातला तो दोष सापडणे यांत चार माणसांचे अंतर असू शकते. म्हणून चांगला अभियंता काही नियम पाळतो. बिघाड शक्य तितका पुन्हा घडवून पाहतो. उत्पादकाच्या पुस्तिकेतला दोष-शोधाचा क्रम शेवटपर्यंत पाळतो, मधेच काहीतरी सापडले म्हणून थांबत नाही. दोन सारखे भाग असतील तर त्यांची अदलाबदल करतो. दोष भागाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर भाग दोषी, जागेवरच राहिला तर तारा दोषी. आणि ‘तपासले, दोष आढळला नाही’ या शेऱ्याने स्नॅग बंद करत नाही. ज्या स्थितीत दोष दिसला होता शक्य तितक्या तशाच स्थितीत, पण स्वच्छ हवामानात आणि दिवसाउजेडी, विमान उडवून पाहायला सांगतो.

यात मालकांची आणि उड्डाण शाळांचीही जबाबदारी आहे. जमिनीवर उभे विमान म्हणजे बुडालेले तास, आणि बुडालेले तास म्हणजे पैसे. तो दबाव खरा आहे. पण आज पेटी बदलून पाहू, उद्या पडदा बदलून पाहू, या रीतीने पैसा जास्त जातो आणि दोष तिथेच राहतो. अभियंत्याला एक पूर्ण दिवस शांतपणे दिला, तर त्याला बहुधा वीस रुपयांची पिन किंवा ढिला स्क्रू सापडतो.

हवेत असलेल्या वैमानिकासाठी मात्र शोध वेगळा असतो. दोष कुठे आहे हे त्याला शोधायचे नसते, कोणते उपकरण खरे बोलते एवढेच ठरवायचे असते. क्षितिज कल दाखवत असेल तर दिशाही बदलत असायला हवी. नाक खाली दाखवत असेल तर वेग वाढायला आणि उंची घटायला हवी. तसे होत नसेल तर क्षितिज खोटे. दोन क्षितिजे भांडत असतील तर तिसऱ्याची साक्ष घ्यावी, आणि जे चूक ठरेल ते झाकून टाकावे, कारण डोळा वाकड्या रेषेकडे ओढला जातो. ही तपासणी वाचून येत नाही. ती प्रशिक्षकासोबत, पडदा झाकून, पुन्हा पुन्हा करावी लागते.

महाराष्ट्रातल्या धावपट्ट्यांवरून आज उडणारी मुले उद्या मोठी विमाने चालवतील. त्यांना आणि त्यांच्या प्रशिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. क्षितिज एक अंशही चुकले असेल तर उतरल्यावर लगेच स्नॅग लिहा, आणि पूर्ण लिहा. पुढच्या उड्डाणाआधी मागचा स्नॅग कसा बंद झाला ते वाचा. आणि जो बिघाड कारण न सापडता आपोआप गेला, तो गेलेला नाही असे समजून ते विमान ढगात किंवा रात्री नेण्यास नकार द्या.